गोंगाट आणि तक्रारींचा आकडा: दोन्ही सारखे का नसतात?

गणेशोत्सव जवळ आला की मुंबई-पुण्यात डीजेवरून वाद सुरू होतो. गाड्यांचे हॉर्न मात्र वर्षभर वाजतात, पण त्यासाठी पोलिसांना फोन करणारे कमीच. मंडपाचा पत्ता सांगता येतो. हॉर्न वाजवणारा पोलीस येईपर्यंत पुढच्या चौकात पोहोचलेला असतो. म्हणून शहरात आवाज किती आहे, हे फक्त तक्रारींच्या आकड्यावरून कळत नाही.

नियम काय सांगतात?

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. याशिवाय प्रत्येक आवाजासाठी वेगळी अट आहे:

- लाऊडस्पीकर: रात्री 10 नंतर उघड्यावर बंदी. राज्य सरकार सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 वाजेपर्यंत सूट देऊ शकतं.
- बांधकाम: निवासी भागात रात्री आवाज करणारी यंत्रं चालवता येत नाहीत.
- हॉर्न: निवासी भागात रात्री आणि शांतता क्षेत्रात कधीही वाजवायला मनाई. आणीबाणीचा अपवाद.
- आवाजाचे फटाके: रात्री आणि शांतता क्षेत्रात बंदी.

तक्रारीशिवाय कारवाई होते का?

मुंबई वाहतूक पोलिसांचा ‘पनिशिंग सिग्नल’ आठवत असेल. जानेवारी 2020 मध्ये त्याचा व्हिडिओ व्हायरल झाला. आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जायचे. तिथे तक्रारदाराची गरजच नव्हती.

लोक गप्प का बसतात?

शेजाऱ्याशी किंवा मंडळाशी वाकडं कोण घेणार? मुंबई उच्च न्यायालयानेही 23 जानेवारी 2025 च्या निकालात नोंदवलं की, त्रास असह्य होईपर्यंत लोक सहसा तक्रार करत नाहीत. कुर्ल्यातल्या रहिवाशांनी प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांविरोधात याचिका केली होती. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करावी आणि ओळख कळलीच तर ती समोरच्याला सांगू नये, असे निर्देश न्यायालयाने दिले.

त्यामुळे एखाद्या भागातल्या तक्रारी घटल्या, तर दोन शक्यता असतात: आवाज खरंच कमी झाला, किंवा लोकांनी फोन करणं सोडलं. यातलं खरं काय, हे डेसिबल मोजल्यावरच कळतं.

त्रास होत असेल तर 112 वर फोन करा. ठिकाण, वेळ आणि आवाज कशाचा आहे, एवढं नेमकं सांगा.