कवडीचा कापूस

पूर्ण न उमललेल्या किंवा अळी लागलेल्या बोंडातल्या कापसाला विदर्भात कवडी म्हणतात. त्याच्या पाकळ्या फुलत नाहीत. चिकटून टणक होतात, पिवळट किंवा तपकिरी पडतात आणि वेचताना टरफलाचे तुकडेही हाताला येतात. डागी कापूस ही त्याच्या अलीकडची पायरी. बोंड नीट फुटलेले, धाग्याची लांबी पांढऱ्या कापसाइतकीच, पण उमलल्यावर पाऊस लागला किंवा लाल ढेकण्याने सरकीतला रस शोषला म्हणून रुईवर ठिपके पडलेले. बाजार दोन्हींना पांढऱ्या कापसाच्या खालचा भाव देतो. कवडीचा धागा अपक्व आणि कमजोर असतो, तेव्हा तिथे भाव पडण्याचे कारण मालातच आहे. डागी कापसाचा पडता भाव बराचसा दिसण्याचा. दिसण्यावरून किती कापायचे हे कोणी ठरवायचे, या प्रश्नाभोवती कापूसबाजाराचे दीडशे वर्षांचे कायदे आणि भांडणे फिरत आली आहेत, आणि चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा तालुका त्या भांडणांच्या अगदी काठावर राहिला आहे.

चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की साग, बांबू, धान आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव आठवतात. राजुरा त्या चित्रात पुरता बसत नाही. वर्धा नदीच्या एका काठाला बल्लारपूर, दुसऱ्या काठाला राजुरा. आणि राजुऱ्याकडून कोरपन्याकडे जावे तसा काळ्या जमिनीचा, पऱ्हाटीचा म्हणजे कापसाच्या झाडांचा मुलूख लागतो. माणिकगडाचे डोंगर आणि जंगल त्याला लागूनच आहे. नदीने आणखी एक गोष्ट वेगळी केली होती. पलीकडचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात, तर राजुरा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा तालुका मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात आला आणि 1959 मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. एकाच नदीच्या दोन काठांवर कापूस सारखाच पिकत होता, पण त्याच्या मापाला आणि भांडणाला लागू होणारे कायदे वेगळे होते.

हिंदुस्थानी कापसाच्या दोषांची जाहीर चर्चा अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वाढवली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकी कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसावर भागवावे लागले. तिथे आखूड धाग्याच्या, कचरा मिसळलेल्या या मालाची इतकी बदनामी झाली की ‘सुरत’ हा कापसाचा शब्द कोणत्याही निकृष्ट वस्तूसाठी वापरला जाऊ लागला. मुंबई सरकारने 1863 मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा केला. पाणी मारणे, वाळू आणि सरकी मिसळणे, चांगल्या जातीत हलकी जात घालणे, हे त्याचे विषय होते. वर्धेच्या खोऱ्यातला हिंगणघाटचा कापूस याला अपवाद ठरला. लिव्हरपूलमध्ये तो स्वतःच्या नावाने आणि वरच्या भावाने विकला जाई. पण नाव मोठे झाले की त्या नावाखाली दुसरा माल खपवण्याची सोयही होते, आणि ती झालीच.

मुंबईच्या कायद्याची चिंता गिऱ्हाइकाची होती. विकणाऱ्याची बाजू पहिल्यांदा वऱ्हाडात कायद्यात आली. 1886 मध्ये कारंजा येथे नियमन केलेला कापूसबाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडाच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. देशातल्या आजच्या बाजार समित्यांची सुरुवात तिथली. राजुरा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानाने शेतमाल बाजाराचा कायदा 1930 मध्ये केला. त्याआधी दोन वर्षे रॉयल शेती कमिशनने मनमानी कपातीचा मुद्दा उचलला होता. बाजारात त्या कपातीचे नाव कडता. नमुना चांगला पाहून भाव ठरायचा, बंडी रिकामी होऊ लागली की ‘आत डागी निघाला’ म्हणून वजनात किंवा भावात कडता लागायचा. तोवर बैल सोडलेले, अर्धा माल गंजीत गेलेला. परत भरून नेण्याची सोय शेतकऱ्याकडे नसे. दोष खरा असला तरी तो सापडण्याची वेळ नेहमी व्यापाऱ्याच्या सोयीची असायची.

प्रत ओळखण्याची पद्धत आजही फारशी बदललेली नाही. पारखणारा ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला मूठभर कापूस काढतो, कारण वरचा थर सगळेच चांगला लावतात. मूठ दाबून सोडली की कापूस फुलतो की दबून राहतो, यावरून ओल कळते. मग सरकीवरचे चार तंतू दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून ओढले, आडवे लावले, पुन्हा ओढले की धाग्याची लांबी आणि मजबुती कळते. रंग पाहायला मात्र कापूस उन्हात धरत नाहीत. सावलीतल्या सरळ उजेडात धरतात. मुंबईच्या शिवडीला प्रत ठरवण्याच्या खोल्यांत उत्तरेचा उजेड लागे तो याचसाठी. तिथे ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनच्या नमुन्यांशी ताडून ‘फाइन’, ‘फुल्ली गुड’, ‘गुड’ अशा पायऱ्या लागत आणि वाद झाला तर त्रयस्थ सर्व्हेअर निकाल देत. राजुऱ्याच्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्रयस्थ फार उशिरा आला.

एकाच शेतातला कापूस वेचणीगणिक बदलतो. दिवाळीच्या सुमारास सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा निघतो, त्यावर परतीच्या पावसाचा डाग असण्याची भीती. दुसरा, तिसरा वेचा पांढरा आणि भरलेला. त्यानंतरचा माल आखूड आणि हलका; पाणी देऊन राखलेल्या फरदडीत बोंडअळी आणि कवडी दोन्ही वाढतात. जाणती बाई वेचतानाच ओट्यात दोन भाग करते, कवडी वेगळी ठेवते. मजुरी मात्र किलोवर असल्याने वेगळे वेचायला वेळ द्यायचा कोणी, हा प्रश्न प्रत्येक हंगामात असतो. वेगळी ठेवलेली कवडी गावातच खपे. किराणा दुकानात पसाभर कापूस टाकून गूळ-शेंगदाणे घेणे ही लहान मुलांचीही खरेदी होती, आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीखाली आलेल्या कवडीच्या गाद्या होत. खोळ घातली की रंग कोण पाहतो? कवडीमोल हा शब्द शंखाच्या कवडीवरून आला, पण या भागात तो कापसालाही बसून गेला आहे.

महाराष्ट्र सरकारने 1971 मध्ये कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा केला आणि 1972-73 च्या हंगामापासून योजना चालू झाली. खासगी व्यापाऱ्याला कापूस घेता येईना. शेतकऱ्याला संकलन केंद्रावरच तो घालावा लागे. भाव आधी जाहीर होई, तेव्हा घासाघीस भावावरून ग्रेडवर आली आणि आडत्याच्या जागी ग्रेडर बसला. ‘एफएक्यू’, म्हणजे सरासरी चांगल्या प्रतीचा, हा शब्द खेड्यातल्या अक्षरओळख नसलेल्या माणसालाही पाठ झाला. बंड्यांच्या रांगा लागत, रात्री बंडीखाली काढाव्या लागत. या रांगेतच पांढऱ्या कापसावर अवकाळी पाऊस पडून तो डागी झाला, तर नुकसान शेतकऱ्याचेच असे. विकल्यावर चुकाऱ्याची वाट पाहावी लागे. योजनेने हमी दिली हे खरे, पडत्या बाजारात तिने कापूस उत्पादकाला तारलेही. पण ग्रेडरच्या एका शब्दावर अपील कुठे करायचे याची वाट तिने सोपी केली नाही.

राजुऱ्याला या योजनेची दुसरी बाजू जास्त जाणवली. राज्याबाहेर कापूस नेण्याला बंदी, आणि आदिलाबाद, आसिफाबादचे बाजार हद्दीपलीकडे लागून. तिथला भाव चढला की नाक्यावर पहारा आणि रात्रीच्या वाटा दोन्ही वाढत. एकेकाळी हाच तालुका त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळे पलीकडे सोयरेही होते आणि ओळखीचे आडतेही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने प्रांतबंदी हा आंदोलनाचा मुद्दा केला. तिला राजुऱ्यात बळ मिळाले आणि संघटनेचे वामनराव चटप इथून विधानसभेवर निवडून गेले. नव्या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार संपला. त्याच सुमारास, 2002 मध्ये, बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. सुरुवातीला अळीच्या डागाचा कापूस खूप कमी झाला. पुढे गुलाबी बोंडअळीला ते बियाणे पुरेना आणि कवडी परतली.

रंगाने नेमके काय बिघडते, याचे उत्तर प्रयोगशाळेने बऱ्यापैकी दिले आहे. मुंबईत माटुंग्याला 1924 पासून कापसाच्या धाग्याच्या चाचण्या होत आहेत. रुईचा रंग आता दोन आकड्यांत मोजतात: उजेड किती परतवला तो ‘आरडी’ आणि पिवळेपणा किती तो ‘प्लस बी’. पावसाचा हलका, ताजा डाग कापड उकळून विरंजन केल्यावर बहुतेक निघून जातो. गडद रंग द्यायचा असेल तर तो दिसतही नाही. बुरशीने खोल गेलेला जुना डाग राहतो, आणि तिथे धागाही कुजून कमजोर झालेला असतो. म्हणून सूतगिरण्या हलका डागी माल स्वस्तात घेऊन पांढऱ्यात थोडा थोडा मिसळतात. जिनिंगमध्येही हे मिश्रण होते.

हमीभाव धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर (धाग्याची जाडी व पक्वता दाखवणारा आकडा) यांवर बेतलेला आहे. 2025-26 साठी तो लांब धाग्याला क्विंटलला 8110 आणि मध्यम धाग्याला 7710 रुपये होता. भारतीय कापूस महामंडळ 8 टक्के ओल धरून पूर्ण भाव देते, त्यावर 12 टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात करते आणि त्यापुढचा माल घेत नाही. ओलीसाठी मीटर आहे आणि त्याचा आकडा विकणाऱ्यालाही वाचता येतो. डागासाठी केंद्रावर अजून डोळाच आहे. यंत्राची चाचणी होते ती रुईच्या 170 किलोच्या गाठीची, म्हणजे साधारण पाच क्विंटल कापसाची सरकी काढून झाल्यावर. गाठ ‘आरडी’ आणि ‘प्लस बी’चे आकडे घेऊन गिरणीकडे जाते, ते आकडे कापूस विकून घरी गेलेल्या माणसापर्यंत येत नाहीत. केंद्राने नाकारलेला माल खेडा खरेदीवाले दारातून उचलतात, मिळेल त्या भावात, वजन त्यांच्याच काट्यावर. उलंगवाडीला, पऱ्हाट्या उपटण्याआधी, जी शेवटची कवडी निघते ती तर बाजार समितीपर्यंत पोचतच नाही.