दिनविशेष : 20 ऑगस्ट

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा आज स्मृतिदिन. 2013 साली याच दिवशी सकाळी फिरायला निघालेल्या डॉक्टरांची पुण्यात ओंकारेश्वर पुलावर गोळ्या झाडून हत्या झाली.

जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते कित्येक वर्षे झटत होते. या कायद्याने वारी बंद पडेल, असा भयगंड तेव्हा पसरवला गेला. पैठणसारख्या गावात तो सहज पसरू शकतो. संत एकनाथांची पालखी इथूनच दरवर्षी आषाढीसाठी पंढरपूरला निघते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असे त्यातच स्पष्ट लिहिले आहे. रोख आहे तो नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखालची मारहाण आणि चमत्काराच्या बळावर होणारी लूट यांवर. सोळाव्या शतकात याच गोदाकाठी कर्मकांड आणि जातिभेद यांवर भारुडांतून कोरडे ओढणाऱ्या एकनाथांच्या गावाला हा रोख परका वाटू नये.

हत्येनंतर चारच दिवसांनी वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. जे आधी व्हायला हवे होते, ते डॉक्टरांच्या हयातीत झाले नाही, ही खंत मोठी आहे.

2018 पासून विज्ञान चळवळीतील संघटना हा दिवस ‘राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन’ म्हणून पाळतात. डॉक्टरांच्या हत्येच्या खटल्यात मे 2024 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली. तिघे निर्दोष सुटले.