वाडीचा विद्यार्थी

वर्गात पाढे चालू असताना एखादा मुलगा पाटीवर चित्र काढत बसला, तर तुम्ही आधी काय करता? कान धरता, की चित्र पाहता? सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी सावंतवाडीच्या एका मुख्याध्यापकांनी एका मुलाचे चित्र पाहिले आणि त्याला उत्तेजन दिले. तो मुलगा म्हणजे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२ चा, वाडीचाच.

वाडीला रंगांचे वावडे कधीच नव्हते. चितार आळीत लाकडी खेळणी रंगत होती, गंजिफांवर दशावतार उमटत होते. एका दशावतारी संचात पाने किती, ठाऊक आहे? १२०! पण ही विद्या घरातली. बापाने खळ लावायची, पोराने पाहायचे. शिकणे पुरे कधी झाले, हे सांगायला तिथे ना परीक्षक, ना प्रशस्तिपत्र.

सावंतवाडीच्या संस्थानिकांनी आश्रय दिला आणि १९०३ साली हळदणकर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत गेले. त्या काळी आपल्या मुलखात आगगाडी कुठली! मुंबईला जायचे तर वेंगुर्ल्याला किंवा मालवणला आगबोट गाठायची, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही बंद.

ही कलाशाळा १८५७ ची, जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून निघालेली. २०२३ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता विद्यापीठ म्हटले की ऑनर्सची पदवी आली, आणि ऑनर्स म्हटले की पुष्कळदा मार्गदर्शकाच्या नजरेखाली एक मोठे काम तडीस न्यायचे, ते परीक्षकांपुढे मांडायचे, हेही आले. शब्द नवे आहेत, रीत जुनीच. गणपतराव म्हात्रे यांनी 'मंदिरपथगामिनी' हा देवळाकडे निघालेल्या स्त्रीचा पुतळा घडवला, तो याच शाळेत विद्यार्थी असताना. त्या एका कामाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

हळदणकरांना मार्गदर्शक लाभले ते तीन: प्राचार्य सेसिल बर्न्स, कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर आणि मूळचे गोव्याचे आंतोनियो त्रिंदाद. एक इंग्रज, एक देशावरचा, एक गोमंतकीय. तिघांचे हात तीन तऱ्हांचे. असे गुरू एकाच वेळी भेटले की विद्यार्थ्याला कुणा एकाची नक्कल करून भागत नाही, हा मोठाच फायदा.

हळदणकरांची हुकमत विशेष दिसली ती जलरंगात. हा रंग मोठा हट्टी, बरं का. तैलरंगात चुकले तर खरवडता येते, वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कागदाचाच पांढरेपणा. तो राखून ठेवत फिक्याकडून गडदाकडे जायचे. एकदा झाकला, की गेला.

पुढे १९०८ साली, वयाच्या पंचविशीत, हळदणकरांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि शिकवायला बसले. १९१८ च्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांतही ते होते.

त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र मात्र साठी उलटल्यावरचे, १९४५-४६ चे. नाव 'ग्लो ऑफ होप', म्हणजे आशेचा उजेड. आपल्या मुलीलाच समोर उभी करून ते काढले. हातात दिवा, वाऱ्यापासून जपावा तसा ज्योतीपुढे धरलेला दुसरा हात, आणि बोटांच्या फटींतून पाझरणारा लालसर उजेड. आणि हे सारे जलरंगात! कलाशाळेत घेतलेल्या शिक्षणाचा खरा प्रबंध त्यांनी चाळीस वर्षांनी असा पुरा केला, असे मला वाटते.

पण गंमत पाहा. म्हैसूरला जगन्मोहन राजवाड्यात हे चित्र पाहून कित्येक जण बेधडक सांगतात, "राजा रविवर्म्याचे!" रविवर्मा १९०६ सालीच निवर्तले. चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी झाले. तेव्हा तुमच्या शाळेची सहल कधी म्हैसूरला गेलीच, तर मुलांना त्या दिव्यापुढे जरा वेळ उभे करा, आणि चित्रकार कुठला म्हणून कुणी विचारले, तर मोठ्याने सांगा: सावंतवाडीचा.