व्लाख : शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव

२०१९ साली विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात सिमोना हालेपनं सेरेना विल्यम्सला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘रुमानियाची हालेप’ असा उल्लेख होता आणि तो बरोबरच होता. १९९४च्या विश्वचषकात फुटबॉलच्या शौकिनांनी गेओर्गे हाजीचा खेळ पाहिला, तोही रुमानियाचाच. पण या दोघांची घराणी मुळात एका वेगळ्या समाजातली आहेत. हा समाज आज ग्रीस, अल्बानिया, उत्तर मॅसिडोनिया, बल्गेरिया, रुमानिया अशा अनेक देशांत विखुरलेला आहे. शेजारी त्यांना व्लाख म्हणतात. ते स्वतःला म्हणतात ‘अरमन’, म्हणजे रोमन.

मी अनेक वर्षं इतिहास शिकवला. आमचा अभ्यासक्रम देशांच्या नावांनी बांधलेला असे. ग्रीसचा इतिहास, तुर्कस्तानचा इतिहास, असा. ज्यांना स्वतःचा देश नाही, ती माणसं अशा पुस्तकांत तळटिपेत राहतात. व्लाखांची मला पहिली ओळख झाली ती तशीच, एका तळटिपेत. आज ती तळटीप जरा वर आणावी म्हणतो.

आधी नावाचं पाहू. जुन्या जर्मन टोळ्या रोमन आणि केल्टिक बोलणाऱ्या परक्या माणसाला ‘वाल्ह’ म्हणत. ब्रिटनमधलं वेल्स, बेल्जियममधलं वालोनिया, इतकंच काय, इंग्रजीत अक्रोडाला वॉलनट म्हणतात तो ‘वॉल’, ही सगळी त्याच शब्दाची पिलावळ. स्लाव लोकांनी तो शब्द उचलला, त्यांच्याकडून ग्रीकांनी घेतला आणि त्याचं व्लाख झालं. ग्रीक बोलीत पुढे व्लाख म्हणजे मेंढपाळ आणि मेंढपाळ म्हणजे गावंढळ, असा अर्थ घसरत गेला. आपल्याकडे ‘यवन’ या शब्दाचंही असंच झालं नाही का? मुळात तो आयोनियन ग्रीकांसाठी, नंतर पश्चिमेकडून येणाऱ्या कोणाहीसाठी.

ही माणसं बाल्कन प्रदेशात कुठून आली, यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत आणि त्यातले बरेचसे कुठल्या ना कुठल्या सरकारच्या सोयीचे आहेत. निर्विवाद एवढंच, की रोमच्या अनेक शतकांच्या अमलात तिथे लॅटिन रुजली. सहाव्या शतकापासून स्लाव टोळ्या उतरल्या, तरी डोंगरात ती बोलली जात राहिली. त्यांचे आकडे ऐका : उनु, दोइ, त्रेइ, पात्रु... सातला शाप्ते, आठला ओप्तु. संस्कृत सप्त आणि अष्ट यांचे हे दूरचे चुलत भाऊच.

इ. स. ५८७च्या सुमारास बायझंटाइन फौज रात्री कूच करत असताना एका खेचरावरचं ओझं घसरलं. मागच्यानं पुढच्याला स्थानिक बोलीत हाक मारली, की मागे वळून बघ. बाकीच्यांना वाटलं माघारीचा हुकूम झाला, आणि सगळी फौज उधळली! काही अभ्यासक या हाकेत व्लाखांच्या भाषेचा पहिला उच्चार ऐकतात, काहींना तो साधा लष्करी शब्द वाटतो. खेचर आणि ओझं मात्र या इतिहासात पुढे सतत भेटतं. ९७६ साली बल्गेरियाच्या सामुएल राजाचा भाऊ डेव्हिड मारला गेला, तो कास्तोरिया आणि प्रेस्पा यांच्या दरम्यान, वाटसरू व्लाखांच्या हातून. व्लाख या नावाचा तिथल्या इतिहासातला हा अगदी सुरुवातीचा उल्लेख आहे. म्हणजे ही माणसं कागदावर आली तीच रस्त्यावर चालताना.

त्यांचं वर्ष दोन सणांत विभागलेलं असे. एप्रिलमध्ये संत जॉर्जचा दिवस आला, की थेसलीच्या मैदानातली बिऱ्हाडं उचलायची आणि मेंढ्या घेऊन उत्तर ग्रीसमधल्या पिंडस पर्वतावर चढायचं. ऑक्टोबरात संत दिमित्रियसचा दिवस आला, की परत खाली. आपल्या धनगरांचे वाडे दरवर्षी कोकणात उतरतात, ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. सामारिना, अवदेला, पेरिवोली, मेत्सोवो ही त्यांची डोंगरातली गावं. सामारिना तर समुद्रसपाटीपासून जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवर आहे. वेस आणि टॉम्प्सन या दोन इंग्रज अभ्यासकांनी तिथे राहून लिहिलेलं पुस्तक १९१४ साली प्रसिद्ध झालं आणि ते आजही वाचनीय आहे.

पण व्लाख म्हणजे फक्त मेंढपाळ, ही समजूत शेजाऱ्यांची. मेंढ्यांबरोबर लोकर आली, चीज आलं. ते विकायला खेचरांचे तांडे आले आणि तांड्यांबरोबर व्यापार. आज अल्बानियात असलेलं मोस्कोपोले हे गाव अठराव्या शतकात या व्यापारावर भरभराटीला आलं होतं. व्हेनिस आणि व्हिएन्नाशी त्याचा व्यवहार होता. तिथे छापखाना होता आणि अकादमी नावाची विद्यालयाहून वरची शाळाही होती. १७६९ साली गाव लुटलं गेलं आणि १७८८ साली पुन्हा उद्ध्वस्त झालं. माणसं पांगली.

याच गावचा दानिएल नावाचा एक पाद्री-शिक्षक होता. त्यानं चार भाषांचा शब्दसंग्रह केला : ग्रीक, व्लाख, अल्बानियन आणि स्लाव. त्याची १८०२ सालची आवृत्ती प्रसिद्ध आहे. आता असं पुस्तक कशासाठी? आपली बोली जपण्यासाठी, असं कुणालाही वाटेल. पण प्रस्तावनेतल्या पद्यात दानिएल आपल्या लोकांना उलटंच सांगतो : आपापल्या रानटी बोली टाका, ग्रीक शिका आणि सुधारा. गंमत अशी, की आज भाषाशास्त्रज्ञ जुन्या व्लाख भाषेसाठी ज्या मोजक्या साधनांवर विसंबतात, त्यांत हा शब्दसंग्रह आहे. मला दानिएलचा राग येत नाही. ग्रीक ही तेव्हा चर्चची, हिशेबाच्या वहीची आणि पुढे जाण्याची भाषा होती. मेत्सोवोच्या आवेरोफनं इजिप्तमध्ये पैसा मिळवला आणि १८९६च्या ऑलिंपिकसाठी अथेन्सच्या प्राचीन स्टेडियमचा जीर्णोद्धार करवला. तो स्वतःला ग्रीक मानत होता. त्याचं ग्रीकपण खोटं होतं, असं म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तुर्की सुलतानाच्या राज्यात माणसाची नोंद धर्मानं होई. त्यामुळे ऑर्थोडॉक्स व्लाख आपोआप ग्रीक चर्चच्या खात्यात जमा होत. भाषा घरची बाब होती. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रं उभी राहिली आणि प्रश्न बदलला. १८६४ साली मोनास्तीर, म्हणजे आजच्या बितोलाजवळ, रुमानियाच्या पाठबळानं पहिली शाळा निघाली : तुमची भाषा आमच्यासारखी, तेव्हा तुम्ही आमचे. ग्रीक शाळा होत्याच : तुमचा धर्म आमचा, तेव्हा तुम्ही आमचे. एकाच गावात, कधी एकाच घरात दोन तट पडले. भांडण शाळेपुरतं राहिलं नाही, खूनही पडले. १९०५च्या मे महिन्यात सुलतान अब्दुल हमीदनं व्लाखांना वेगळा समाज म्हणून मान्यता दिली, पण तोवर वेळ निघून गेली होती.

त्याच वर्षी अवदेला गावच्या मानाकी बंधूंनी लंडनहून आणलेल्या बायोस्कोप कॅमेऱ्यानं आपल्या म्हाताऱ्या आजीचं, देस्पिनाचं सूतकताईचं चित्रण केलं. बाल्कनमधला हा पहिला चित्रपट मानला जातो. पुढे सीमा आखल्या गेल्या. एक भाऊ, यानाकी, ग्रीसमध्ये सालोनिकाला गेला, तर मिल्तोन युगोस्लावियात बितोलाला राहिला आणि १९६४ साली तिथेच वारला. आज ग्रीस, उत्तर मॅसिडोनिया आणि रुमानिया, तिघांच्याही चित्रपटांच्या इतिहासात हे भाऊ आहेत.

सीमांचा हिशेब कसा चालला, याचं एक उदाहरण देतो. ग्रीसच्या सरहद्दीवरच्या नोत्या गावात व्लाखांचीच एक भाषा, मेग्लेनो-रुमानियन बोलली जाई, पण गाव मुसलमान झालेलं होतं. १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली, ती धर्माच्या निकषावर. नोत्याची माणसं तुर्कस्तानात पाठवली गेली. तुर्की ही त्यांची घरची भाषा नव्हतीच.

१९२५पासून हजारो अरमन कुटुंबं रुमानियाच्या निमंत्रणावरून दक्षिण डोब्रुजात वसायला गेली. १९४० साली तो भाग बल्गेरियाला परत गेला आणि त्यांना उत्तरेकडे पुन्हा उठावं लागलं. हालेप आणि हाजी दोघंही याच उत्तर डोब्रुजातले, कॉन्स्टान्त्सा भागातले. ग्रीसमध्ये १९४१ साली इटालियन फौजांच्या आडोशानं दियामान्दी नावाच्या माणसानं व्लाखांच्या नावावर राजकारण केलं. त्याच्यामागे थोडेच गेले, पण युद्धानंतर आपली भाषा चारचौघांत बोलणं अनेकांना संशयाला निमंत्रण वाटू लागलं.

१९९७ साली युरोप परिषदेच्या संसदीय सभेनं या भाषेला आणि संस्कृतीला आधार द्यावा, अशी शिफारस केली. ग्रीसमधल्या अनेक व्लाख संघटनांना ती आवडली नाही. आम्ही अल्पसंख्य नाही, आम्ही ग्रीक आहोत आणि व्लाखही आहोत, असं त्यांचं म्हणणं. अल्बानियात मात्र २०१७च्या कायद्यानं त्यांना अल्पसंख्य म्हणून मान्यता मिळाली. रुमानियात तर ही स्वतंत्र भाषा की रुमानियनची बोली, यावर अरमन माणसंच आपसांत वाद घालतात. उत्तर मॅसिडोनियात २००२च्या जनगणनेत ९,६९५ व्लाख होते, २०२१ला ८,७१४. तिथल्या क्रुशेवो गावाच्या कारभारात त्यांची भाषा अधिकृत आहे.

ग्रीसमध्ये तर त्यांची मोजदादच होत नाही. पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, सामारिनात मोठा फेर धरला जातो. शहरांत गेलेली कुटुंबं तेव्हा मोटारींनी वर येतात. मेंढ्यांसाठी वर येणारी घरं आता थोडी राहिली आहेत. फेरातली तरुण मुलं आपसांत ग्रीकमध्ये बोलतात, आणि आज्यांची भाषा त्यांना समजते, पण बोलता येईलच असं नाही.