रहीम मास्तरांचा संघ

२०२४च्या रमजान ईदला ‘मैदान’ हा सिनेमा आला. तो पाहून आलेल्या एका सहकारी शिक्षकाने मला विचारलं, “सर, हा माणूस खरंच होऊन गेला का, की सिनेमावाल्यांनी बनवला?” विचारणारा इतिहास शिकवतो, आणि मुसलमान आहे. मला हसू आलं, मग वाईट वाटलं. कारण सय्यद अब्दुल रहीम नुसते होऊन गेले असं नाही. ते आपल्याच पेशातले होते.

रहीम साहेबांचा जन्म १९०९चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठातून बी.ए. झाले आणि शाळामास्तर झाले. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ, दारुल-उलूम, चादरघाट हायस्कूल अशा शाळांत शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेतले खेळ त्यांच्याकडे आले. स्वतः फुटबॉल चांगला खेळत. चाळीसच्या दशकात हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचं सचिवपद त्यांच्याकडे आलं, ते अखेरपर्यंत राहिलं.

त्यांनी शाळकरी आणि तरुण पोरांसाठी ज्या स्पर्धा भरवल्या, त्यांबद्दल वाचलं तेव्हा मला माझ्या बी.एड.चे दिवस आठवले. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी. चेंडू पायाशी घोळवत बसायचा नाही, आला की लगेच साथीदाराकडे द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कच्च्या पायाने खेळायचं. उजव्या पायाचा असशील तर डाव्यानेच मार. जे येत नाही त्याचाच सराव द्यायचा, आणि तो शिक्षा वाटू नये म्हणून त्याची स्पर्धा करायची. आम्ही पाठ टाचणाच्या वह्या भरभरून जे लिहीत होतो, ते या माणसाने मैदानावर करून दाखवलं होतं. चार-दोन-चार ही मांडणी त्यांनी ब्राझीलच्या आधी वापरली असं त्यांचे चाहते सांगतात. असेलही. मला मात्र कच्च्या पायाची स्पर्धा जास्त मोठी वाटते.

आता काळ पाहा. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. आपल्याकडे मराठवाड्यात तिला एका घरात मुक्ती म्हणतात आणि शेजारच्या घरात ‘पोलीस ॲक्शन’. दोन्ही शब्दांमागे खऱ्या आठवणी आहेत. रझाकारांनी जे केलं ते झाकण्यासारखं नाही. त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत मुसलमानांचं काय झालं, ते पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. त्या समितीला नेहरूंनीच पाठवलं होतं. हैदराबादी मुसलमान तेव्हा हबकून गेला होता. अनेक जण पाकिस्तानला गेले. जे राहिले त्यांच्याकडे संशयाने पाहिलं जात होतं.

आणि १९५०मध्ये, या सगळ्याला जेमतेम दोन वर्षं झाली असताना, रहीम साहेबांनी तयार केलेला हैदराबाद सिटी पोलीसचा संघ मुंबईला येतो आणि रोव्हर्स कप जिंकतो. पुढच्या वर्षी पुन्हा. १९५४पर्यंत सलग पाच वर्षं! कुपरेजच्या मैदानावर मुंबईकरांनी ज्या संघाला डोक्यावर घेतलं, त्यात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन असे खेळाडू होते. त्याच काळात देशाच्या संघाची सूत्रंही रहीम साहेबांकडे आली. १९५१मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यात भारताने इराणला १-० असं हरवलं, गोल साहू मेवालालचा. ज्या शहराच्या मुसलमानांना निष्ठा सिद्ध करायला सांगितलं जात होतं, त्या शहरातला एक मुसलमान मास्तर भारताच्या संघाला सुवर्णपदक मिळवून देत होता. या विषयावर त्यांनी भाषण केल्याचं माझ्या वाचनात नाही. ते पोरांना चेंडू लवकर सोडायला सांगत राहिले.

१९५६ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. नेव्हिल गोव्याचा, खेळायचा मुंबईत. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला १-१ असं रोखलं. रोमच्या चमूत रहीम साहेबांचा स्वतःचा मुलगा शाहिद हकीम होता, पण त्याला एकाही सामन्यात मैदानात उतरायला मिळालं नाही. आपलंच मूल आपल्याच वर्गात असण्याचा पेच ज्या शिक्षकांनी अनुभवला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग आलं जकार्ता, १९६२. तोवर रहीम साहेबांना कर्करोगाने गाठलं होतं.

तिथलं वातावरण आधीच बिघडलेलं होतं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. या स्पर्धांच्या संस्थापकांपैकी एक असलेले भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर हरकत घेतली, या खेळांना आशियाई खेळ म्हणता येणार नाही, अशी. जकार्तात संताप उसळला आणि जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. याचा भुर्दंड भारताच्या खेळाडूंना भरावा लागला. भारताचं नाव निघालं की स्टेडियममध्ये हुर्यो व्हायची. आपण कोण आहोत हे कळू नये म्हणून बसमध्ये सांभाळून बसावं लागे, असं खेळाडूंनी नंतर सांगितलं आहे.

पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी, तो भारत ०-२ हरला. मग थायलंडला ४-१ हरवलं, पण जर्नेल सिंगच्या डोक्याला जबर मार बसला. टाके पडले. जर्नेल हा संघाचा सर्वांत भक्कम बचावपटू. जपानला २-० हरवलं आणि उपांत्य सामना आला. आता जर्नेलचं काय करायचं? बचावात ठेवला तर प्रत्येक उंच चेंडूला डोकं लावावं लागणार. रहीम साहेबांनी त्याला सरळ पुढे, सेंटर फॉरवर्डच्या जागी नेऊन उभं केलं. डोक्याला पट्टी बांधलेला हा धिप्पाड सरदार आपल्या गोलसमोर पाहून दक्षिण व्हिएतनामचे बचावपटू गोंधळले असणार. भारत ३-२ जिंकला, त्यातला एक गोल जर्नेलचा.

अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच. आदल्या रात्री रहीम साहेबांनी मुलांना जवळ बसवून घेतलं आणि एक तोहफा मागितला, उद्याचं सुवर्णपदक. पी. के. बॅनर्जी ही आठवण म्हातारपणीही सांगत.

४ सप्टेंबर १९६२. सेनायन स्टेडियममध्ये सुमारे लाखभर माणसं आणि बहुतेक सगळी भारताच्या विरोधात. पण तेवढ्या गर्दीतही भारतासाठी ओरडणारा एक छोटा घोळका होता, असं खेळाडूंच्या आठवणींत वारंवार येतं. तो होता पाकिस्तानच्या हॉकी संघाचा! हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवलं होतं.

तापातून उठलेला पीटर थंगराज गोलात उभा राहिला. सतराव्या मिनिटाला पी. के.ने पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी टाके पडलेल्या जर्नेलने दुसरा. कोरियाने एक फेडला, तो शेवटच्या काही मिनिटांत. २-१. कर्णधार चुनी गोस्वामी बंगालचा, बलराम सिकंदराबादचा, युसूफ खान हैदराबादचा, फॉर्च्युनाटो फ्रँको गोव्याचा आणि टाटांकडून खेळणारा, तर जर्नेल फाळणीत लायलपूरहून उठून आलेल्या कुटुंबातला. पंजाबातून होरपळून आलेला शीख आणि हैदराबादेतलं १९४८ पाहिलेला मुसलमान. त्या जखमी डोक्याच्या पोराला पुढे कर, असं सांगणारा आणि ते ऐकणारा, यांच्यात इतिहासाचं एवढं ओझं होतं, पण खेळात ते कुठे दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी, ५ सप्टेंबरला, देशात पहिल्यांदाच शिक्षक दिन साजरा झाला. डॉ. राधाकृष्णन त्याच वर्षी राष्ट्रपती झाले होते. शाळाशाळांतून शिक्षकांचे सत्कार होत होते, आणि एक आजारी शाळामास्तर जकार्ताहून सुवर्णपदक घेऊन यायच्या तयारीत होता. हा निव्वळ योगायोग आहे, पण दरवर्षी ५ सप्टेंबरची भाषणं ऐकताना तो मला आठवतो.

‘मुस्लिमांचं योगदान’ अशा याद्या आपण तयार करतो, विशेषतः कुणी टोचून विचारलं की. रहीम साहेबांचं नाव त्यांत जरूर घाला. पण ती यादी वाचून दाखवताना हेही सांगा की या माणसाने संघ निवडताना असली यादी केली नव्हती.

जकार्तानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम साहेबांचं निधन झालं. वय ५३. भारताला आशियाई खेळांत फुटबॉलचं आणखी एकच पदक मिळालं, १९७०चं बँकॉकमधलं कांस्य. सुवर्ण त्यानंतर आलेलं नाही.