मदतनीस बाईंवरचा ठपका

वर्गशिक्षकाच्या हाताखाली मदतनीस नेमावी का, असा विषय निघाला की शिक्षणातले जाणकार मान हलवतात. पैसे जातील, मुलं आहेत तिथेच राहतील, असं त्यांचं म्हणणं. हा पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून आधी तोच नीट मांडतो.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ‘स्टार’ नावाचा मोठा प्रयोग झाला. काही वर्गांत १३ ते १७ मुलं होती, काहींत २२ ते २५, आणि काहींत तेवढीच मुलं पण जोडीला पूर्णवेळ मदतनीस. लहान वर्गातली मुलं पुढे गेली. मदतनीस असलेले वर्ग मात्र साध्या मोठ्या वर्गांच्याच आसपास राहिले. पुढे लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधल्या पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ ते २००८ या काळात इंग्लंड-वेल्समधल्या शाळा अभ्यासल्या. ज्या मुलांना मदतनिसांचा सहवास सर्वांत जास्त, त्यांची प्रगती कमी, असं त्यांना आढळलं. ती मुलं मुळातच मागे होती, ही पळवाटही उरत नाही. आधीची गुणवत्ता आणि विशेष गरजा हिशेबात धरूनच हा निष्कर्ष निघाला.

निष्कर्ष मान्य. त्यावरून मदतनिसांच्या कुवतीबद्दल काढलेलं अनुमान मात्र साफ अमान्य. त्या बाईंचा दिवस कसा जातो, हे अनुमान काढणारे पाहतच नाहीत. २००३ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये शिक्षकांवरचा भार हलका करण्याचा करार झाला. शिक्षकांनी एरवी करू नयेत अशा २५ कामांची यादी त्यात होती: झेरॉक्सचे गठ्ठे काढणं, मुलांकडून पैसे गोळा करणं, भिंतीवर तक्ते लावणं वगैरे. ही कामं सहायकांकडे आली. त्यात मैदानावरची देखरेख, खरचटलेले गुडघे, हरवलेले स्वेटर. हे सगळं सांभाळून बाई बसणार कुणाशेजारी? वर्गातल्या सर्वांत कच्च्या मुलाशेजारी. आजचा धडा काय, हे त्यांना आधी सांगायला कुणाला वेळ नसतो. तो त्या मुलाबरोबरच प्रथम ऐकतात आणि लगेच समजावायला घेतात.

ब्लॅचफर्ड यांच्या गटाने वर्गातलं बोलणंही तपासलं. शिक्षकांचे प्रश्न मुलाला विचार करायला लावणारे होते, मदतनिसांचं लक्ष हातातलं काम उरकण्यावर होतं. त्यात आणखी एक घडतं: बाई शेजारी आहेत म्हटल्यावर शिक्षक त्या मुलाकडे कमी वळतात. ज्याला प्रशिक्षित शिक्षकाची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येतो. (आपल्या शहरी शाळांत पालक पदरमोड करून ‘शॅडो टीचर’ ठेवतात, तिथेही हाच धोका आहे.) ही चूक कामाची वाटणी करणाऱ्यांची. शिक्षकांवरचा ताण मदतनिसांमुळे कमी झाला, हेही त्याच अभ्यासात आहे. ते फारसं कुणी सांगत नाही.

आणि उलट पुरावा शोधायला लंडनला जायचं कारण नाही. ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी उपक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चालला. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी. प्रशिक्षण सुमारे दोन आठवड्यांचं, मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीत असून वाचन आणि आकडेमोड न येणारी १५-२० मुलं ती रोज सुमारे दोन तास वेगळी बसवून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या आणि फरक मोजला. तो निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षाअखेर सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले होते. शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानाने ही वाढ भरघोस आहे, आणि ती मुख्यतः तळाच्या मुलांची होती. वर्गात मागे उरलेल्या मुलांना मात्र गर्दी कमी होऊनही फारसा लाभ झाला नाही. तेव्हा श्रेय गर्दी घटण्याला देता येत नाही.

उपक्रम संपल्यावर वर्षभरात लाभ ओसरून ०.१० च्या आसपास आला, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि ते तुटपुंजं मानधन कुणी आदर्श मानू नये. पण अशा तरुणीकडून जे साधलं, ते इंग्लंडच्या मदतनीस बाईंकडून का साधू नये? बालसखीला कुठली मुलं, कुठला तास आणि काय शिकवायचं, हे ठरवून दिलेलं होतं. इंग्लंडमध्येही ठरावीक पाठ आणि प्रशिक्षण देऊन छोट्या गटांना शिकवायला लावलं तिथे मदतनिसांनी शिकवलेल्या मुलांची प्रगती झालेली दिसते.

शाळा व्यवस्थापन समित्यांना म्हणूनच एक विनंती. मदतनीस नेमण्याआधी त्यांचे तास कागदावर लिहा, आणि वर्गशिक्षकांशी धड्याबद्दल बोलण्याचा वेळ त्याच कागदावर, पगारी कामात धरा. तेवढं जमत नसेल तर खुशाल नेमू नका. फक्त ठरावात कारण लिहिताना त्या बाईंची पात्रता पुढे करू नका.