फोन ठेवण्याआधी पत्र टाकायचे

आज ई-मेल म्हटले की सदैव चालू असलेले इंटरनेट डोळ्यांपुढे येते. पण ही डाक वाढली ती तुटक जोडणीच्या काळात. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला. पुढे यूयूसीपी ही पद्धत आली. तिच्यात संगणक एकमेकांना फोन करीत, साठलेली डाक देत-घेत आणि फोन ठेवून देत. १९८६-८७ च्या सुमारास मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटी या संस्थांमध्ये डाक सुरू झाली ती अशीच.

ही सोय घरी आणली ती पॉप या व्यवस्थेने. तिचा पहिला मसुदा १९८४ चा. तुमची पत्रे सेवा देणाऱ्याच्या संगणकावर थांबतात. तुम्ही फोन लावता, परवलीचा शब्द देता, पत्रे घरी उतरतात. उत्तरे सावकाश लिहायची आणि पुढच्या फोनला एकगठ्ठा पाठवायची. १९८८ मध्ये स्टीव्ह डॉर्नर यांनी यासाठी केलेल्या 'युडोरा' या प्रोग्रामला लेखिका युडोरा वेल्टी यांचे नाव मिळाले. त्यांच्या एका कथेची नायिका पोस्टातच राहायला जाते!

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तास मोजून मिळत, टेलिफोनचे बिल वेगळे. मोडेम किरकिरत असताना घरचा फोन अडलेला असे. म्हणून मजकूर आधीच लिहून ठेवायचा, ही शिस्त आपोआप लागली.

खरी अडचण लिपीची होती. मूळ ई-मेलला रोमन अक्षरे व काही चिन्हे, अशा १२८ संकेतांपलीकडे काही ठाऊक नव्हते. देवनागरी फाँट आले, पण तोच फाँट पलीकडे नसला की पत्राच्या जागी नुसती खडी उमटे. म्हणून आखातातल्या माझ्या आतेभावाला मी मराठी पत्रे रोमन अक्षरांत लिही. त्यात 'काळ' आणि 'काल' एकच होत. कविता करणाऱ्याचा 'ळ' जावा, हे दुःख लहान नव्हे. शिवाय, ज्या आत्याला इंग्रजी अक्षर येत नव्हते, तिला मुलाचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे.

१९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे संकेत मिळाले. घरोघरच्या संगणकांत ते रुजायला पुढे बरीच वर्षे गेली. तार घरात आली म्हणजे डाक आली असे नाही. ज्याचे पत्र, त्याला ते आपल्या अक्षरांत वाचता आले, तेव्हाच ती पोचली.